मोटरहोमच्या छतावरील एसी दीड-दोन तासांनी थंड करणे थांबवतो : मार्गदर्शन हवे

ह्यूस्टनचा पांथस्थ (१२ जुलै, रात्री)

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे २०१५ सालचे क्लास सी प्रकारचे (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेले) मोटरहोम आहे. त्याच्या छतावर १३,५०० बीटीयू (थंड करण्याची क्षमता मोजण्याचे एकक) क्षमतेचा एकच एसी असून वीजजोडणी तीस अँपिअरची आहे. गेल्या शनिवारपासून आम्ही टेक्सासच्या आखाती किनाऱ्यावर, पोर्ट अरान्सासजवळ मुक्कामाला आहोत. सोबत पत्नी, दोन मुले आणि उन्हाळ्यापुरती साताऱ्याहून आलेली माझी ७४ वर्षांची आई आहे. बाहेर दुपारी ९३ ते ९५ अंश फॅरनहाइट तापमान असते आणि हवेतील दमटपणा इतका की पहाटेसुद्धा काचांवर बाहेरून पाणी जमते.

तक्रार अशी आहे. सकाळी नऊच्या सुमारास एसी सुरू केला की तास-दीड तास उत्तम थंड हवा येते. त्यानंतर छतातील व्हेंटमधून येणारा झोत हळूहळू मंदावतो. पंख्याचा आवाज येत राहतो, पण हात वर धरला तर हवा जेमतेम लागते आणि खोलीचे तापमान चढू लागते. एसी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मधल्या जाळीतून पाणी ठिबकू लागते. तास-दोन तास विश्रांती दिली की पुन्हा पहिल्यासारखी थंड हवा मिळते आणि मग तोच प्रकार परत घडतो.

याखेरीज गेले तीन दिवस दुपारी चारच्या पुढे आणखी एक गोष्ट दिसते. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी दिवे मंद होतात, छतावरून दोन-तीन सेकंद घुमल्यासारखा आवाज येतो आणि टक् असा आवाज होऊन थांबतो. पंखा चालूच असतो, पण हवा साधी येते. काही मिनिटांनी पुन्हा घुमणे, पुन्हा टक्. संध्याकाळी सात-साडेसातनंतर हा प्रकार आपोआप थांबतो.

फिरत्या दुरुस्ती सेवेच्या एका तंत्रज्ञाला बोलावले होते. त्यांनी खालूनच व्हेंटला हात लावून पाहिला, गॅस गेला असल्याचे सांगितले आणि संपूर्ण एसी बदलण्याचा दोन हजार डॉलरांहून अधिक खर्च लिहून दिला. मला खर्चाची ना नाही, परंतु तास-दीड तास इतके छान थंड करणाऱ्या यंत्रातील गॅस गेला आहे हे मनाला पटत नाही. मला मल्टिमीटर वापरता येतो. क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून प्रवाह मोजणारे) आणि दोन थर्मामीटर आज विकत आणले आहेत. पुढे काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे जाणकारांनी सांगितले तर फार उपकार होतील.

मेसाकर (१२ जुलै, रात्री)

आम्ही अ‍ॅरिझोनात राहतो आणि आमचा अनुभव असा आहे की घुमून थांबणारा एसी म्हणजे दहापैकी आठ वेळा कपॅसिटर (वीज साठवून मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग). उन्हाळ्यात छतावरील आवरणाखाली फार उष्णता साठते आणि कपॅसिटर हळूहळू क्षमता गमावतो. कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का मिळाला नाही की तो फिरत नाही, नुसता घुमतो, आणि त्याच्या डोक्यावरचा ओव्हरलोड संरक्षक वीज तोडतो. वीस-तीस डॉलरांचा कपॅसिटर आहे. मी तुमच्या जागी असतो तर उद्या सकाळीच तो बदलला असता आणि सोबत सुरुवातीला साहाय्य करणारा स्टार्ट कपॅसिटरही बसवून घेतला असता.

वीज तोडूनच आवरण उघडा, हे सांगायला नको. कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, ती स्क्रूड्रायव्हर आडवा धरून उतरवता येते.

शीतयंत्र (१२ जुलै, मध्यरात्र)

पांथस्थ, मी न्यू जर्सीत वातानुकूलन दुरुस्तीचे काम करतो आणि त्याआधी पुण्यात हेच काम करत होतो. तुमचे वर्णन इतके नेमके आहे की निम्मे निदान त्यातच झाले आहे. तरीही मोजमाप झाल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

आधी मेसाकर यांच्या एका सूचनेत दुरुस्ती करतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे. स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटर उतरवू नये. ठिणगी डोळ्यांत उडू शकते आणि कपॅसिटर आतून खराबही होतो. पाच वॅटचा, सुमारे वीस हजार ओहमचा रेझिस्टर त्याच्या दोन टोकांना काही सेकंद लावून ठेवावा आणि मग मीटरने व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री करावी. कॅम्पग्राउंडच्या वीजखांबावरची तार काढा, जनरेटर बंद ठेवा आणि इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. तिन्ही केल्याशिवाय आवरणाला हात लावू नका.

आता गॅसविषयी. आपल्याकडे एसी थंड करेनासा झाला की पहिले वाक्य 'गॅस भरून घ्या' हेच असते. घरातील स्प्लिट एसीला गॅस भरण्यासाठी व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे ती सवय लागली. मोटरहोमच्या छतावरील नेहमीच्या एसीत कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल (गॅस फिरणाऱ्या वळणदार नळ्या, एक हवा थंड करणारी आणि दुसरी उष्णता बाहेर सोडणारी) आणि केशनळी (त्यांना जोडणारी अतिशय बारीक नळी) हे सर्व कारखान्यातच ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून सांधून, बंद केलेले असते आणि गॅस भरण्यासाठी तोंडच ठेवलेले नसते. गॅस वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून, सांधून, निर्वात करून वजनाने गॅस भरणे हे काम अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेच्या कलम ६०८ खालील प्रमाणपत्र असलेल्यानेच करायचे असते. इतका खर्च केल्यावर बहुतेक वेळा नवा एसी परवडतो, हे त्या तंत्रज्ञाचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. पण गळती आहे हे त्यांनी कशावरून ठरवले, हा प्रश्न उरतोच.

तुमच्याकडे एक नव्हे, दोन स्वतंत्र बिघाड आहेत असे मला वाटते. ते एकमेकांत मिसळले की माणूस गोंधळतो, म्हणून त्यांची ओळख पक्की करून ठेवा. झोत मंदावतो आणि थंडावा जातो, हा हवेच्या वाटेवरचा दोष आहे. झोत जोरदार आहे पण हवा साधी येते, हा कॉम्प्रेसर न चालण्याचा दोष आहे. पहिला तुमच्याकडे सकाळी होतो, दुसरा दुपारी चारनंतर.

पहिल्याबद्दल बोलू. झोत मंदावणे आणि बंद केल्यावर पाणी ठिबकणे या दोन खुणा एकत्र आल्या की इव्हॅपोरेटर कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या कॉइलवर) बर्फ धरतो आहे यात जवळजवळ शंका राहत नाही. कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये बर्फ साचला की हवेला वाट उरत नाही. हवा कमी झाली की कॉइल आणखी गार होते आणि बर्फ अधिक वेगाने वाढतो. आखाती किनाऱ्यावरील दमट हवेत हे चक्र फार लवकर पूर्ण होते. पंखा मंद गतीवर ठेवणे, फिल्टर चोंदलेला असणे, रात्री बाहेर गारवा असताना थर्मोस्टॅट अगदी खाली ठेवणे, ही त्याची नेहमीची कारणे. पण मला तुमच्या बाबतीत चौथ्या कारणाचा दाट संशय आहे, आणि ते सहसा कोणी पाहत नाही.

मधली जाळी काढली की छताच्या जाडीत साधारण चौदा इंच लांबी-रुंदीचा चौकोन दिसेल. त्या चौकोनातच खोलीतील हवा वर खेचणारा कप्पा आणि थंड हवा खाली ढकलणारा कप्पा असे दोन भाग शेजारी-शेजारी असतात आणि त्यांच्यामध्ये पत्र्याचा किंवा फोमचा पडदा असतो. हा पडदा कारखान्यात चिकटपट्टीने बसवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी पट्टी सुटते, फट पडते, आणि थंड झालेली हवा खोलीत येण्याऐवजी त्या फटीतून थेट परत कॉइलकडे खेचली जाते. कॉइलला खोलीतील ८२ अंशांची हवा मिळण्याऐवजी ७० अंशांची मिळते, त्यामुळे ती गोठते. खोली मात्र तापलेली राहते.

हे सिद्ध करणे सोपे आहे. एसी पंखा पूर्ण गतीवर ठेवून वीस मिनिटे चालवा. एक थर्मामीटर खुर्चीच्या उंचीवर खोलीत ठेवा. दुसरा जाळीच्या आत, फिल्टरच्या वर, कॉइलमध्ये हवा शिरते तिथे धरा. नंतर तोच सर्वांत जवळच्या व्हेंटमध्ये धरा. खोली आणि जाळीच्या आतील हवा यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. कॉइलमध्ये शिरणारी आणि व्हेंटमधून बाहेर पडणारी हवा यांत साधारण १६ ते २२ अंशांचा फरक असावा. दमटपणा फार असेल तर तो खालच्या बाजूला राहतो, कारण एसीची बरीच शक्ती हवेतील वाफेचे पाणी करण्यात जाते.

गॅस कमी असल्यानेही बर्फ धरतो, हे मी लपवत नाही. पण तेव्हा सुरुवातीपासूनच हा फरक कमी येतो, आणि बर्फ बहुधा केशनळीकडून गॅस शिरतो त्या बाजूच्या थोड्या भागावर दिसतो, बाकीची कॉइल कोरडी आणि साधी लागते. हवेच्या अडथळ्याने धरणारा बर्फ सगळ्या कॉइलवर सारखा पसरतो. म्हणून पुढच्या वेळी झोत मंदावला की लगेच जाळी काढून टॉर्चने पाहा आणि छायाचित्र घ्या. बर्फ खरवडू नका, पत्रे वाकतात आणि नळीला भोक पडले तर मग खरोखरच गॅस जाईल. कॉम्प्रेसर बंद ठेवून फक्त पंखा पूर्ण गतीवर चालवला तर तासाभरात तो वितळतो.

जाळीच्या आत हात घातलाच आहे तर आणखी एक वस्तू शोधा. कॉइलच्या पत्र्यांमध्ये खोचलेला, बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा तापमान-संवेदक आणि त्याची बारीक तार असते. कॉइल गोठण्याच्या बेतात आली की कॉम्प्रेसर थांबवणे हे त्याचे काम. तो पत्र्यांतून निसटून हवेत लोंबकळत असेल तर कॉइल गोठली तरी त्याला कळत नाही.

दुसऱ्या बिघाडासाठी क्लॅम्प मीटर लागेल. तो संपूर्ण केबलभोवती लावला तर शून्य दाखवेल, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. पॅनेलच्या आत एसीच्या ब्रेकरमधून निघणाऱ्या एकाच तारेभोवती तो लावा, आणि पॅनेल उघडण्याचा सराव नसेल तर तारा वेगळ्या करून दाखवणारा छोटा जोड दुकानात मिळतो. फक्त पंखा असताना दोन-तीन अँपिअर आणि कॉम्प्रेसर चालू असताना एकूण १२ ते १५ अँपिअर अपेक्षित आहेत. त्याच वेळी भिंतीतील सॉकेटमधले व्होल्टेज वाचा, सकाळचे वेगळे आणि दुपारी चारचे वेगळे.

कपॅसिटर नक्की मोजा. त्यावर मायक्रोफॅरडचा (क्षमतेच्या एककाचा) आकडा आणि किती टक्के फरक चालेल ते छापलेले असते, बहुधा पाच किंवा सहा टक्के. एक खुलासा, कारण आपल्याकडचे पंखा दुरुस्त करणारे कपॅसिटरलाच 'कंडेन्सर' म्हणतात. एसीतील कंडेन्सर म्हणजे बाहेरच्या बाजूची उष्णता सोडणारी कॉइल. वर चढलात की तीही पाहा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने तिचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे भुसभुशीत होतात आणि धुळीचा थर बसला की कॉम्प्रेसर जास्त प्रवाह ओढू लागतो.

ऑस्टिनकर (१३ जुलै, सकाळ)

शीतयंत्र यांनी तपशिलात लिहिले आहे, मी केवळ दोन गोष्टी जोडते.

पहिली आईंबद्दल. दुपारी एसी थांबतो त्या वेळी पंखा लावून आत बसणे त्यांच्यासाठी पुरेसे नाही. ९५ अंशांच्या पुढची हवा पंख्याने अंगावर घेतली तरी शरीर थंड होत नाही, आणि वयस्क माणसांना तहान लागल्याचे उशिरा कळते. बिघाड सापडेपर्यंत दुपारी दोन ते सात या वेळेत त्यांना गावातील ग्रंथालयात किंवा एखाद्या दुकानात घेऊन जा. आम्ही माझ्या सासूबाईंसोबत दोन वर्षांपूर्वी हेच केले होते, आणि त्यांना गुंगी येऊ लागल्यावर आम्ही जागे झालो, याची खंत आजही आहे.

दुसरी गोष्ट विजेची. चारनंतर सुरू होणारा आणि सातनंतर आपोआप थांबणारा बिघाड हा यंत्राचा कमी आणि विजेचा अधिक असतो. सगळ्या कॅम्पग्राउंडमधील एसी त्याच तासांत पूर्ण जोरात चालतात आणि खांबावरचे व्होल्टेज उतरते. आमच्याकडील संरक्षक उपकरण १०४ व्होल्टच्या खाली वीज तोडते, आणि जुलै महिन्यात ते तसे करते हे मी स्वतः पाहिले आहे. तीस अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॅट मिळतात. एसी चालू असताना पाणी तापवणारे विजेचे उपकरण आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावत असाल तर तेही थांबवा. पाणी तापवण्यासाठी प्रोपेनचा पर्याय असेल तर दुपारी तोच वापरा.

ह्यूस्टनचा पांथस्थ (१४ जुलै, रात्री)

दोन दिवस उत्तर देऊ शकलो नाही, कारण सगळी मोजमापे वेगवेगळ्या वेळी घ्यायची होती. ऑस्टिनकर, तुमचा सल्ला लगेच पाळला. दोन्ही दुपारी आई आणि मुले गावातील ग्रंथालयात होती.

सकाळी साडेनऊला, एसी वीस मिनिटे चालल्यानंतर, खोलीत ८३ अंश, जाळीच्या आत फिल्टरच्या वर ७२ अंश आणि व्हेंटमध्ये ५३ अंश इतके तापमान होते. म्हणजे कॉइलच्या दोन बाजूंमधील फरक १९ अंश, पण खोली आणि जाळीच्या आतील हवा यांत तब्बल ११ अंशांचा फरक. पावणेअकराला झोत मंदावल्यावर जाळी काढली. संपूर्ण कॉइलवर पांढरा थर होता, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सारखाच. बर्फ वितळल्यावर आरशाने पाहिले तेव्हा मधल्या पडद्याची चिकटपट्टी एका बाजूने पूर्ण सुटून खाली लोंबत होती आणि तिथे माझी दोन बोटे सहज जातील इतकी फट होती. संवेदकही पत्र्यांमधून निसटलेला सापडला. फिल्टर मी मे महिन्यात धुतला होता, पण तोही पुन्हा तेलकट झाला होता. स्वयंपाकाचा ओटा अगदी त्याच्या खाली आहे आणि आम्ही रोज फोडणी करतो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

विजेची मोजमापे अशी. सकाळी कॉम्प्रेसर चालू असताना सॉकेटमध्ये ११४ व्होल्ट आणि एसीच्या तारेत १३.२ अँपिअर. दुपारी सव्वाचारला, कॉम्प्रेसर आणि इतर किरकोळ उपकरणे मिळून १६ अँपिअर जात असताना, खांबावरील रिकाम्या सॉकेटमध्ये ११२ व्होल्ट होते आणि मोटरहोमच्या आत १०७. कपॅसिटरवर ४० मायक्रोफॅरड छापले आहे, मीटरने ३८.६ दाखवले. कंडेन्सरच्या पत्र्यांवर वाळू आणि पिसांचा थर होता, तो मऊ ब्रशने आणि पाण्याच्या हलक्या धारेने काढला.

शीतयंत्र (१४ जुलै, मध्यरात्र)

तुमची मोजमापे इतकी स्वच्छ आहेत की आता अंदाज बांधावा लागत नाही.

कॉइलवर १९ अंशांचा फरक आणि १३.२ अँपिअर हे दोन आकडे एकत्र वाचले तर गॅस पुरेसा आहे आणि कॉम्प्रेसर निरोगी आहे असे मी खात्रीने म्हणतो. गळती झालेल्या यंत्रात कॉम्प्रेसरला काम कमी पडते, त्यामुळे अँपिअरही उतरलेले दिसले असते. कपॅसिटर छापील आकड्याच्या साडेतीन टक्के खाली आहे, म्हणजे मर्यादेत आहे. बदलू नका.

पडद्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी वापरा, कापडी राखाडी पट्टी नको, ती उष्णतेने आणि ओलीने सुटते. आधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा. फट मोठी आहे, म्हणून नुसत्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. फोमच्या जाड तुकड्याचा आधार देऊन त्यावर पट्टी लावा, आणि व्हेंटकडे जाणाऱ्या नळाची तोंडे जिथे कप्प्याला मिळतात तिथलेही सांधे बंद करा. संवेदक पुन्हा पत्र्यांत खोचताना आधीच्या जागेची खूण शोधा. ती सापडली नाही तर बर्फ आधी धरतो त्या भागात, नळीला धक्का न लावता, पत्र्यांना समांतर सरकवा.

खरी काळजी मला तुमच्या पाच व्होल्टची वाटते. खांबावर ११२ आणि आत १०७. तुमची तार दहा गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) आणि तीस फूट लांब असेल, तर जाऊन-येऊन साठ फूट तांबे होते आणि त्याचा विरोध सुमारे ०.०६ ओहम. १६ अँपिअरला त्यात एक व्होल्टच्या आसपास घट व्हायला हवी. उरलेले चार व्होल्ट कुठेतरी एखाद्या सैल किंवा जळक्या सांध्यावर खर्च होत आहेत. चार व्होल्ट गुणिले सोळा अँपिअर म्हणजे चौसष्ट वॅट. जुन्या साठच्या बल्बला हात लावून पाहिलेल्या कोणालाही ती उष्णता ठाऊक आहे, आणि ती तुमच्या प्लगच्या एखाद्या पात्यावर किंवा मोटरहोमच्या बाजूच्या जोडावर तासन्‌तास जमा होते आहे. आग लागण्याची ही नेहमीची वाट आहे. एसी बंद करा, खांबावरचा ब्रेकर पाडा, मग प्लग काढून पाती पाहा. काळी किंवा निळसर पडलेली असतील, प्लॅस्टिक मऊ झाले असेल, तर आज रात्रीसुद्धा तो वापरू नका.

घुमण्याचे कारणही यातच आहे. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १२० ऐवजी १०६ व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज बारा टक्क्यांनी उतरते, पण जोर सुमारे बावीस टक्क्यांनी जातो. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा प्रवाह काही क्षण चालू प्रवाहाच्या कित्येक पट असतो, म्हणून त्या क्षणी सैल सांध्यावरची घट आणखी मोठी होते. मग तो फिरूच शकत नाही. शिवाय थांबल्यावर गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. त्याआधी थर्मोस्टॅट पुन्हा-पुन्हा चालू-बंद केला तर तो त्या दाबाविरुद्ध अडकतो. मुलांच्या हाताला थर्मोस्टॅट लागू देऊ नका.

मेसाकर (१५ जुलै, सकाळ)

स्क्रूड्रायव्हरविषयीची माझी सूचना मागे घेतो, आणि कपॅसिटर बदलण्याचा आग्रहही. आमच्याकडे कोरडी हवा असल्याने कॉइलवर बर्फ धरलेला मी क्वचितच पाहिला आहे. तिथे ११० अंशांच्या उन्हात कंडेन्सर उष्णता सोडू शकत नाही, हीच बहुतेकांची अडचण असते. त्यामुळे तुमच्या लक्षणांकडे मी माझ्याच वाळवंटातून पाहिले. सावलीचे मात्र दोन्हीकडे सारखेच महत्त्व आहे. क्लास सी मोटरहोममध्ये चालकाच्या बाजूच्या मोठ्या काचेतून फार उष्णता येते. तिथे चकाकणारा जाड पडदा लावून मागच्या भागापासून ती जागा वेगळी केलीत, तर एसीवरचा बराच भार उतरेल.

पुण्याची कॅराव्हॅन (१५ जुलै, दुपार)

विषयाशी संबंधित म्हणून विचारते. आम्ही पुण्यात एका व्हॅनची कॅराव्हॅन करून घेत आहोत. अमेरिकेतून परतणाऱ्या एका नातेवाइकांकडे असाच वापरलेला छतावरील एसी आहे आणि तो इथे ट्रान्सफॉर्मर लावून चालेल असे सुताराने आणि वायरमनने सांगितले आहे. तो घ्यावा का?

शीतयंत्र (१५ जुलै, रात्री)

घेऊ नका. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११५ करील, पण भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे आणि तो एसी ६० हर्ट्झसाठी बनवलेला आहे. वारंवारता ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. मोटर सहाव्या भागाने हळू फिरेल, थंडावा त्या प्रमाणात घटेल, आणि त्याच व्होल्टेजवर कमी वारंवारता मिळाल्याने तिचा लोखंडी गाभा प्रमाणाबाहेर तापेल. छतावरील एसी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठीही बनतात, कारण युरोप आणि ऑस्ट्रेलियात तीच वीज आहे. त्यांपैकी एखादा घ्या. आणि बसवताना छतावरचे भोक चौदा इंचांचेच आहे ना, हे पत्रा कापण्याआधी तपासा.

ह्यूस्टनचा पांथस्थ (१७ जुलै, रात्री)

प्लगचे एक पाते काळे पडले होते आणि त्याभोवतीचे प्लॅस्टिक नखाने दाबले तर खचत होते. शीतयंत्र, तुम्ही त्या रात्रीच वापर थांबवायला सांगितले नसते तर मी ते सकाळपर्यंत तसेच ठेवले असते. मध्यरात्रीच सगळे सामान बांधून आम्ही एका मोटेलमध्ये गेलो. दुसऱ्या दिवशी मी केबलचे ते टोक कापून नवीन प्लग बसवला, स्क्रू पूर्ण आवळले आणि कॅम्पग्राउंडच्या व्यवस्थापकांना दाखवून खांबावरील सॉकेटही बदलून घेतले, कारण त्याची आतील पकड ढिली झाली होती. जुन्या सॉकेटमध्ये नवा प्लग लावला असता तर तोही जळला असता, असे तिथल्या वीजतंत्रज्ञांनी सांगितले.

पडदा फोम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने बंद केला. संवेदकाची जुनी जागा दोन पत्रे किंचित फाकलेले होते त्यावरून सापडली. आजचे आकडे असे आहेत. दुपारी साडेचारला बाहेर ९४ अंश असताना खोलीत ७८, जाळीच्या आत ७८ आणि व्हेंटमध्ये ६०. खांबावर ११२ व्होल्ट, आत ११०.६. कॉम्प्रेसर आज पंधरा तासांत एकदाही घुमून थांबला नाही. झोत सकाळी होता तितकाच आत्ताही आहे. दोन तासांनी प्लगला हात लावून पाहिला, तो हवेइतकाच कोमट होता.

एक शंका उरली आहे. आईला रात्री थेट झोत सोसत नाही, म्हणून ती पंखा मंद करायला सांगते. पंखा मंद केल्याने पुन्हा बर्फ धरण्याची भीती वाटते.

शीतयंत्र (१८ जुलै, सकाळ)

पंखा मंद करू नका. त्यांच्या डोक्यावरच्या व्हेंटची पाती दुसरीकडे वळवा, पण व्हेंट बंद करू नका, कारण एक व्हेंट बंद करणे म्हणजेही कॉइलवरची हवा कमी करणे. थर्मोस्टॅट रात्री ७६ किंवा ७७ वर ठेवा. संवेदक आता जागेवर आहे, त्यामुळे कॉइल गोठू लागलीच तर तोच कॉम्प्रेसर थांबवील. तसे वारंवार होऊ लागले, म्हणजे रात्री कॉम्प्रेसर अधूनमधून थांबतो पण खोली ठरलेल्या तापमानाला पोहोचलेली नसते, तर आधी फिल्टर पाहा. फोडणीच्या ओट्याच्या अगदी वर, छतात असलेला फिल्टर तुम्हाला दर पंधरवड्याला साबणाच्या पाण्याने धुवावा लागेल, आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.